मोरपंखी, तिसरा मजला

"या घरात राहून मला मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतं," असे बायको म्हणाली तेव्हा अनुस्वारराव चहात बिस्किट बुडवत होते. ते बिस्किट चहातच राहिले.

तिचा रोख भिंतींवर होता. घरातल्या झाडून सगळ्या भिंती मोतिया रंगाच्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी दोघे या इमारतीत भाड्याने राहायला आले तेव्हाही त्या मोतियाच होत्या, आणि मध्यंतरी एकदा घराला रंग दिला तेव्हा अनुस्वाररावांनी दुकानदाराच्या पुस्तकातल्या एकशे बारा छटा एकेक करून तपासल्या होत्या आणि पुन्हा मोतियाच निवडला होता. पडदे भिंतींहून किंचित गडद, सोफा पडद्यांहून किंचित फिका. एक पाहुणे म्हणाले होते की तुमच्याकडे आलं की दवाखान्यात आल्यासारखं शांत वाटतं. अनुस्वाररावांनी ती स्तुती समजून त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला होता.

बायको मात्र खरोखरच दवाखान्यात कामाला होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात बावीस वर्षे ती लोकांच्या हाडांचे फोटो काढत आली होती. दिवसभर अंधारी खोली आणि काळ्यावर पांढऱ्या बरगड्या बघायच्या, आणि संध्याकाळी घरी यावे तर समोर मोतिया. माणूस घरी आला की आपण जिवंत आहोत हे त्याला कळायला तरी हवे, असे तिचे म्हणणे होते.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. मजकूर छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. गळलेला अनुस्वार त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. म्हणून छापखान्याने ते नाव ठेवले आणि यथावकाश ते इमारतीपर्यंत पोचले. एकटी बायको त्यांना 'अहो' म्हणे, आणि त्या शब्दात अनुस्वाराला जागाच नव्हती.

मोतीबिंदूच्या चहानंतर पंधरा दिवसांत तिने चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढला. बैठकीची खोली मोरपंखी, तिची एक भिंत पिवळीधमक. झोपायची खोली डाळिंबी. मधल्या बोळाला चिकटवायचा कागद, त्यावर हातभर लांब हिरवी पाने आणि पानांआडून डोकावणारे पोपट. पडदे केशरी-जांभळ्या पट्ट्यांचे. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे सहा फुटी चित्र. एका चित्रकार बाईंचे मोडलेले मनगट तिने चार महिन्यांत सहा वेळा एक्स-रेखाली धरले होते. मनगट बरे झाल्यावर त्या बाईंनी काढलेले पहिले चित्र हिलाच द्यायचे ठरवले. चित्रात एक लालभडक घोडा होता. तो पळत नव्हता, चरत नव्हता, नुसता उभा राहून बघणाऱ्याकडे बघत होता.

अनुस्वाररावांचा स्वभाव विरोध करण्याचा नव्हता. छापखान्यात एखाद्या वाक्याबद्दल शंका आली की ते समासात शिसपेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढत. तसे त्यांनी नकाशावरच्या प्रत्येक खोलीशेजारी काढले. बायकोने ती सगळी खोडरबराने पुसली. निदान एक खोली तरी मोतिया राहू दे, अशी त्यांनी विनंती केली, तेव्हा तिने बराच विचार करून माळ्याची आतली बाजू त्यांना दिली.

रंगारी तिने स्वतः जाऊन ठरवला. तीस वर्षे या धंद्यात मुरलेला माणूस होता. घर कधी बघायला येता, असे तिने विचारले तर तो म्हणाला की मापं दिलीत, नकाशा दिलात, कुठल्या भिंतीला काय ते लिहून दिलंत, आता घर काय, रंगवताना बघेनच. तिला ते पटले, आणि पडदे, पोपटांचा कागद आणि घोडा तिने त्याच्याकडेच पोचते केले. चार दिवस तिच्या थोरल्या बहिणीकडे राहायला जायचे, म्हणजे रंगाचा वासही नको आणि अनुस्वाररावांची प्रश्नचिन्हेही नकोत, असा बेत ठरला.

आता याच सुमारास त्यांच्या बरोबर वरच्या घरात राहणारे किलोकाकाही गावाला गेले होते. किलोकाका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा जगावर फारसा विश्वास उरला नव्हता. दूधवाल्याचे दूध ते रोज मापून घेत, आणि पोरे जिन्यात ओरडली तर किती वेळ ओरडली ते घड्याळ लावून सांगत. दोन आठवड्यांसाठी मुलीकडे जाताना त्यांनी घरातले सगळे सामान जुन्या चादरींनी झाकून सुतळीने बांधले, आणि गॅलरीतल्या सात कुंड्यांना पाणी घालण्यासाठी घराची किल्ली अनुस्वाररावांकडे दिली. अनुस्वाररावांनी ती आपल्या जादा किल्लीशेजारच्या हुकाला अडकवली. घरमालकाने सगळ्या घरांना मूळचा रंग मोतियाच दिला होता आणि एकाच दुकानातून एकाच बनावटीची कुलपे आणली होती, त्यामुळे दोन्ही किल्ल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत, फक्त अनुस्वाररावांच्या किल्लीला लाल दोरा बांधलेला होता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अनुस्वारराव राहत त्या मजल्याला सगळी इमारत दुसरा मजला म्हणे. ते स्वतः तिसरा म्हणत. पुस्तकाचे पहिले पान एक असते, शून्य नसते, मग तळमजल्याने काय पाप केले आहे, असा त्यांचा सवाल होता. या सवालाला अकरा वर्षांत कोणी उत्तर दिले नव्हते, कारण त्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी उभी होती, बायको तिच्यात जाऊन बसली होती, आणि अनुस्वाररावांच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री आणि काखेत तपासायच्या मजकुराचा गठ्ठा होता. त्यांनी करंगळीने हुकावरची किल्ली काढली, दार ओढून घेतले आणि खाली येऊन ती रंगाऱ्याच्या हातावर ठेवली.

"कितवा मजला, साहेब?"

"तिसरा. डावीकडचं दार."

रंगाऱ्याने मान डोलावली, टॅक्सी निघाली, आणि चार दिवस सगळे सुखात गेले.

परत आले ती रविवारची दुपार होती. जिन्यात रंगाचा मंद वास येत होता. तो हुंगूनच बायकोची पावले झपझप पडू लागली. दारापाशी आल्यावर तिने डोळे मिटून घेतले, अनुस्वाररावांचा दंड धरला आणि मला आत न्या म्हणाली. त्यांनी कुलूप काढले, तिला बैठकीच्या खोलीच्या मध्यभागी नेऊन उभे केले, आणि स्वतः थबकले. घर होते तसे होते. त्यांच्या मनात प्रथम जे आले ते त्यांनी पुढे कधीही बायकोला सांगितले नाही, पण तो निव्वळ आनंद होता.

"उघडू?" बायकोने विचारले.

"उघड," ते म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

तिने डोळे उघडले. चारही भिंतींवर मोतिया रंग अकरा वर्षांच्या इमानाने उभा होता. सामानावर त्यांनीच घातलेल्या चादरी होत्या. तिने पर्समधून फोन काढला आणि रंगाऱ्याला लावला. रंगारी जेवून आडवा झाला होता. तुम्ही कामाला आलाच नाहीत का, असे तिने विचारले, तर तो दुखावला.

"नाही कसा, ताई? काल संध्याकाळी हात धुतले. पडदे लावले, घोडापण टांगला."

"आम्ही आत्ता बैठकीच्या खोलीत उभे आहोत. सगळं मोतिया आहे."

पलीकडे रंगारी उठून बसल्याचा आवाज आला. मग रंगारी जपून म्हणाला, "दिवा लावून बघता का जरा?"

"भरदुपारी?"

"समोरच्या भिंतीवर घोडा असेल बघा."

"समोर नुसती भिंत आहे."

"घोड्यामागची का?"

हे संभाषण चालू असताना अनुस्वाररावांची नजर दाराशेजारच्या हुकांवर गेली. तिथे एक किल्ली लटकत होती. तिला लाल दोरा होता. त्यांच्या घराच्या जादा किल्लीला लाल दोरा होता. किलोकाकांच्या किल्लीला नव्हता.

मुद्रितशोधनात एक जागा फार घातकी असते. एका चुकीमुळे दुसरी चूक बरोबर वाटू लागते, आणि मग वाक्य इतके गुळगुळीत होते की नजर त्यावरून घसरून जाते. अनुस्वारराव नवशिक्यांना हे नेहमी सांगत. चुकीची किल्ली घेऊन रंगारी योग्य दाराशी आला असता तर कुलूप उघडले नसते. योग्य किल्ली घेऊन तो चुकीच्या दाराशी गेला असता तरी उघडले नसते. पण रंगारी साऱ्या जगासारखा तळमजला सोडून मोजणारा होता. तो एक मजला वर गेला, डावीकडच्या दाराला किल्ली लावली आणि ती लोण्यात फिरावी तशी फिरली. आत सगळे सामान आधीच झाकून, सुतळीने बांधून ठेवलेले. माणसं व्यवस्थित दिसतात, असे म्हणून त्याने शिडी उघडली.

बायको रागावली असती तर अनुस्वाररावांना बरे वाटले असते. तिने सगळे ऐकून घेतले, छताकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "चला, बघू तरी."

वीस मिनिटांत रंगारी स्कूटरवरून किल्ली घेऊन आला आणि तिघे वर गेले. गडबडीत अनुस्वाररावांचे आपले स्वतःचे दार सताड उघडे राहिले, पण त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात यावे?

किलोकाकांचे दार उघडले आणि तिघेही उंबऱ्यापाशीच थांबले. मोरपंखी भिंतींवर गॅलरीतले ऊन पडले होते आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. पिवळ्या भिंतीने तर जणू दुसरा सूर्यच आत घेतला होता. पडदे हलले की जमिनीवर केशरी-जांभळ्या पट्ट्या पळत. बोळातल्या पानांतून पोपट माना वाकड्या करून बघत होते. आणि समोर घोडा. अनुस्वारराव डावीकडे सरकले, घोड्याने त्यांच्याकडे पाहिले. ते उजवीकडे सरकले, त्याने तिकडेही पाहिले.

बायको एकेका खोलीतून फिरून आली. तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. तिला हवे होते ते सगळे तिला मिळाले होते, फक्त एक मजला वर आणि दुसऱ्याच्या घरात. तिच्या डोळ्यांत पाणी आलेले बघून रंगारी म्हणाला की नव्या रंगाने डोळे चुरचुरतात थोडे. ती नाही म्हणाली नाही.

"पण तुम्हाला कळलं कसं नाही हो?" अनुस्वाररावांनी त्याला विचारले. "स्वयंपाकघर बघून तरी?"

स्वयंपाकघर बघून तर आपली खात्रीच पटली, असे रंगारी म्हणाला. ओळीने बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आत काय आणि किती ग्रॅम. साहेब छापखान्यात आहेत असं ताईंनी सांगितलं होतं, तेव्हा म्हटलं, असणारच.

किलोकाका बुधवारी परतणार होते. हातात तीन दिवस होते. रंगाऱ्याने भिंतींकडे बघून मनातल्या मनात हिशेब केला. मोरपंखी रंग सहजासहजी झाकला जात नाही, त्यावर आधी अस्तराचे दोन हात, मग मोतियाचे तीन, आणि पोपटांचा कागद काढायचा तर गिलावाही थोडा निघणार. सहा दिवस, तेही उन्हं चांगली पडली तर. अनुस्वारराव म्हणाले की रात्रंदिवस काम केले तर? रंगारी म्हणाला, मी करीन हो, पण रंगाला वाळायला सांगणार कोण.

नेमके त्याच वेळी दारात पावले वाजली. किलोकाका बुधवारची वाट न बघता रविवारीच आले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात किल्ली. त्यांनी दाराकडे पाहिले, भिंतींकडे पाहिले, घोड्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग त्यांना अनुस्वारराव आणि त्यांची बायको दिसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ एकदम निवळला. हे लोक घराला रंग देणार आहेत हे त्यांना ठाऊक होते.

"माफ करा," ते म्हणाले, "एक मजला कमी चढलो."

आणि कोणी काही बोलायच्या आत ते वर निघून गेले.

वर गच्ची होती. तिघे श्वास रोखून ऐकत राहिले. अठरा पायऱ्या, मग गच्चीच्या दाराची कडी, मग बराच वेळ काहीच नाही. तिथे पाण्याच्या टाक्यांखेरीज कोणीच नव्हते. मग पावले उतरू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच किलोकाकांची मोजणी चुकली होती, आणि त्या शरमेने ते या दारावरून खाली मान घालून, आत न बघता पुढे गेले. पावले आणखी एक जिना उतरली आणि थांबली. मग खालचे एक दार लागल्याचा आवाज आला.

"आपलं," बायको हळूच म्हणाली.

अनुस्वारराव खाली धावले. त्यांनी स्वतःच्या घराचे दार वाजवले. किलोकाकांनी ते उघडले. मोतिया भिंती, चादरींनी झाकलेले सामान. मोजणी काहीही सांगो, डोळ्यांना आपले घर दिसले होते आणि गुडघ्यांना आणखी वाद नको होता. त्यांनी बूट काढून भिंतीशी एका रेषेत ठेवले होते आणि सोफ्यावरची चादर घडी करून बाजूला ठेवली होती.

"या, बसा," ते अगत्याने म्हणाले. "पाणी देतो."

खरे सांगून टाकायची ती वेळ होती. पण अनुस्वारराव बसले. आपल्याच सोफ्याच्या कडेवर, पाहुण्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून. किलोकाका आतून बोलत होते. मुलीकडे दहा दिवसही काढवले नाहीत, तिथे सगळे अंदाजे चालते, भाजीत मीठ अंदाजे, चहात साखर अंदाजे, जावई निघतो म्हणतो आणि कधी निघेल ते अंदाजे. बोलता बोलता त्यांनी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांचे बोलणे तुटले. आत सहा-सात बरण्या होत्या, प्रत्येक वेगळ्या उंचीची, एकीचे झाकण दुसरीला. चिठ्ठी एकीलाही नव्हती.

किलोकाका रिकामा पेला हातात घेऊन बाहेर आले. "अनुस्वारराव," त्यांनी शांतपणे विचारले, "माझ्या घरात कोणी राहून गेलंय का?"

मग मात्र अनुस्वाररावांनी सगळे सांगितले. छापखान्याच्या मालकासमोर सांगावे तसे, कोणत्या ओळीत काय चुकले, कसे चुकले आणि कोणाच्या हातून. किलोकाकांनी रिकामा पेला खाली ठेवला.

"म्हणजे किल्लीही चुकीची आणि मजलाही चुकीचा."

"हो."

"एकच चूक केली असतीत तर काही झालं नसतं."

"नसतं, काका."

किलोकाकांनी बॅग उघडली. तिच्यात कपड्यांच्या वर पोलादी टेप ठेवलेली होती. ती घेऊन ते वर गेले, आणि अनुस्वारराव त्यांच्या मागे आरोपीसारखे. वर बायकोने हात जोडले. उद्यापासून सगळे होते तसे करून देतो, घोडा तर आत्ताच उतरवतो, असे ती म्हणत होती. पण किलोकाकांचे लक्ष नव्हते. ते मोरपंखी आणि पिवळा रंग मिळतात ती कड नखाने बघत होते. मग त्यांनी बोळातल्या कागदाचे जोड तपासले. कुठल्याही पोपटाचे डोके दुसऱ्याच्या धडावर नव्हते. शेवटी त्यांनी घोड्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावली.

"हे दोन सूत, म्हणजे पाव इंच, डावीकडे आहे," ते म्हणाले.

रंगारी इतका वेळ कोपऱ्यात उभा होता, तो पुढे आला. "चित्र बरोबर आहे, साहेब. भिंतच खाली दोन सूत जास्त रुंद आहे. वर मापा आणि खाली मापा."

किलोकाकांनी वर मापले, खाली मापले. टेप सर्रकन आत गेली. "माझ्या सगळ्या नोकरीत अशी माणसं मला चार भेटली," ते म्हणाले, आणि रंगारी लहान मुलासारखा लाजला.

पण रंगाच्या वासाने किलोकाकांच्या छातीत आधीच घुरघुर सुरू झाली होती. डॉक्टरांनी त्यांना ताज्या रंगापासून लांब राहायला बजावले होते. तेव्हा रंग तुमचा आहे, तुम्हीच त्यात झोपा, मी खाली झोपतो, असे ते म्हणाले, आणि त्यात कोणाला काही गैर दिसले नाही. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

वास जायला आठवडा लागला. तो गेल्यावर पुन्हा अस्तर, पुन्हा मोतिया म्हणजे पुन्हा वास, म्हणजे किलोकाकांनी पुन्हा कुठेतरी जायचे, आणि कुठेतरी म्हणजे मुलीकडेच. ही साखळी लक्षात आल्यावर ते विचार करू लागले. आठव्या दिवशी सकाळी ते वर आले आणि त्यांनी बायकोला सांगितले की खाली राहिल्याने आपल्या गुडघ्यांच्या रोजच्या बहात्तर पायऱ्या वाचतात, दोनदा चढायच्या आणि दोनदा उतरायच्या धरून. तेव्हा तुमची हरकत नसेल तर आहे तसंच राहू द्यावं. घरमालक दुसऱ्या गावी राहत होता, त्याला फोन केला. दोन्ही घरं जागेवर आहेत ना, एवढेच त्याने विचारले आणि ठेवून दिला.

बायकोची हरकत कसली? अनुस्वाररावांना कोणी विचारलेच नाही, आणि सगळे ज्यांच्यामुळे झाले त्यांनी तोंड तरी कुठल्या तोंडाने उघडावे? त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मोतिया भिंती दुसऱ्याच्या झाल्या. रविवारी सामान हलले. दोन कपाटे जिन्याच्या वळणावर समोरासमोर आली आणि अर्धा तास कोणी मागे हटेना. किलोकाकांच्या कुंड्या मात्र वरच राहिल्या, कारण ऊन वरच्याच गॅलरीत येत होते. रोज येऊन पाणी घालीन, असे ते म्हणाले.

बायकोचे दिवस पालटले. ती गुणगुणत कामावर जाऊ लागली, गुणगुणत परत येऊ लागली. रुग्णालयातल्या मैत्रिणी घर बघायला आल्या आणि घोड्यासमोर उभे राहून फोटो काढून गेल्या. अनुस्वाररावांनीही मनापासून प्रयत्न केला. पण ते मजकुराचा गठ्ठा घेऊन बसले की कागदाच्या वरच्या कडेवरून घोडा बघे. खुर्ची फिरवली तर पोपट. डाळिंबी खोलीत गेले तर कागदच गुलाबी दिसे आणि तांबड्या शाईच्या खुणा त्यात बुडून जात. आणि एके दिवशी जे सव्वीस वर्षांत घडले नव्हते ते घडले. एका विमा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'तुमची चिंता आमच्यावर सोपवा' असे छापायचे होते. चिंतेवरचा अनुस्वार गळला होता, आणि अनुस्वाररावांनी पान बरोबर म्हणून सही करून पाठवले होते. यंत्र सुरू होता होता मालकांच्या नजरेला पडले म्हणून कंपनी वाचली.  त्यांनी फक्त अनुस्वाररावांना डोळे तपासून घ्यायला सांगितले.

त्या संध्याकाळी ते गठ्ठा काखेत मारून खाली गेले. "काका," ते म्हणाले, "तासभर इथे बसलो तर चालेल? वर जरा... उजेड फार आहे."

किलोकाकांनी खुर्ची दाखवली. अनुस्वारराव बसले, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे त्यांनी एकदा पाहिले, आणि पहिल्या दहा ओळींत त्यांना चार चुका सापडल्या. दुसऱ्या दिवशीही ते गेले, तिसऱ्याही दिवशी. साडेसहाला उतरायचे, साडेआठला चढायचे. त्यांनी आपला चष्मा तिथेच ठेवायला सुरुवात केली. ते बसले की थोड्या वेळाने किलोकाका उठत, कुंड्यांना पाणी घालून येतो म्हणत आणि वर जात. सात कुंड्यांना दोन तास कसे लागतात, हा प्रश्न एरवी चुकांवर जगणाऱ्या अनुस्वाररावांना एकदाही पडला नाही.

तो पडला बायकोला, आणि तोही अगदी अवचित. एका संध्याकाळी तिची सुटी लवकर झाली. घरी आली तर दिवे लागलेले, घोड्यासमोरच्या खुर्चीत उघडलेले वर्तमानपत्र आणि त्याखाली दोन पाय. तिने चप्पल काढली, पर्स टाकली आणि आतबाहेर करत बोलायला सुरुवात केली. आज एक माणूस आला होता, त्याचा हात फुलदाणीत अडकलेला. फुलदाणीसकट फोटो काढायचा. डॉक्टर म्हणतात फोडा, त्याची बायको म्हणते माझ्या आईची आहे, हात लावायचा नाही. त्याची आई म्हणते मग माझ्या मुलाचा हात काय रस्त्यावर पडलाय? सगळा विभाग गोळा झाला. साबण झाला, तेल झालं. तो बिचारा एका हाताने सगळ्यांना शांत व्हा म्हणतोय आणि दुसऱ्या हाताने फुलदाणी सांभाळतोय.

पाच-सात मिनिटे ती बोलत होती. वर्तमानपत्राचे एकही पान उलटले नाही. इतके मन लावून 'अहों'नी गेल्या कित्येक वर्षांत आपले काही ऐकलेले नाही, हे तिच्या लक्षात आले आणि तिला बरे वाटले. चहा ठेवू का, असे तिने विचारले.

वर्तमानपत्र खाली आले. मागे किलोकाका होते, पाय स्टुलावर, चेहऱ्यावर घोड्याचा तांबूस उजेड.

"ते खाली आहेत," किलोकाका म्हणाले. "साडेआठला चढतात." मग त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि खुर्ची जरा तिच्याकडे वळवून घेतली. "चहा ठेवा. साखर अंदाजे घातलीत तरी चालेल. पण फुलदाणीचं पुढे काय झालं?"